सूत्र कोणाच्या हातीं?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थानें प्रथम उच्चारली असेल, त्याला या दोन्ही कार्यांतील खरी अडचण नेमकी उमगली होती. पैसा कमी पडतो ही अडचण आहेच. पण तिच्याहून मोठी अडचण अशी कीं, दोन्ही कार्यांना हात पुष्कळ लागतात आणि एका हातानें केलेलें दुसऱ्या हाताला ठाऊक नसतें. आचाऱ्यानें शंभर पानांचा अंदाज धरावा, यजमानांनीं दीडशें आमंत्रणें धाडावीं, व्याह्यांकडून आयत्या वेळीं वीस माणसें वाढावीं, आणि या तिघांची गांठ पंक्ति बसल्यावरच पडावी, हा प्रकार कोणत्या घरीं घडला नाहीं? म्हणूनच जुन्या वळणाच्या घरांतून कोठीची किल्ली एकाच वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे. साखर किती आली, किती उचलली, बेत बदलला तर तो कोणाच्या शब्दावरून बदलला, हें सारें तिला विचारावें. लग्नांतली चूक चार दिवसांच्या थट्टेवर निभावते. इमारतीच्या कामांतली चूक तशी निभावत नाहीं, आणि याचें एक दारुण उदाहरण अमेरिकेंतील कॅन्सस सिटी या शहरीं १९८१ सालीं घडलें.

त्या शहरांतील हयात रीजन्सी हें हॉटेल आदल्याच वर्षीं उघडलें होतें. त्याच्या प्रशस्त व उंच दिवाणखान्यांतून, मध्यें एकही खांब न रोवतां, पायीं जाण्याचे पूल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेलेले होते, आणि ते छपरापासून लोखंडी सळयांनीं टांगलेले होते. त्यांपैकीं चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर माथ्यावर होता. १७ जुलै १९८१ च्या सायंकाळीं दिवाणखान्यांत नृत्याचा कार्यक्रम चालला असतां चौथ्या मजल्याचा पूल सळयांवरून निसटला, खालच्या पुलावर आदळला, आणि दोन्ही पूल गर्दीवर कोसळले. ११४ माणसें मृत्युमुखीं पडलीं; दोनशेंहून अधिक जखमी झालीं.

आतां त्या सळयांची हकीकत नीट समजून घेतली पाहिजे, कारण साऱ्या विषयाची मेख तींतच आहे. मूळ योजना अशी होती कीं, छपरापासून निघालेली एकच लांब सळई चौथ्या मजल्याच्या तुळईंतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत पोहोंचावी, आणि प्रत्येक पुलाची तुळई आपापल्या खालच्या नटावर टेकावी. हें करावयाचें तर सळईच्या खालच्या टोकापासून चौथ्या मजल्यापर्यंत सबंध लांबीवर आटे पाडावे लागले असते, आणि अशी सळई उचलून बसवितांना ते आटे खराब होण्याची भीति होती. म्हणून लोखंडी काम करणाऱ्या कारखानदाराकडून एक सोयीची सूचना निघाली. एका सळईच्या दोन कराव्या. पहिलीनें छपरापासून चौथ्या मजल्याचा पूल टांगावा, आणि दुसरीनें त्या चौथ्या मजल्याच्या तुळईपासूनच निघून खालचा पूल धरावा.

विहिरींत सोडलेल्या एका दोराला वरखालीं दोन घागरी बांधल्या आहेत अशी कल्पना करावी. दोन्ही घागरी दोरालाच बांधल्या असतील तर प्रत्येक गांठीवर एकेका घागरीचा भार येतो. पण खालची घागर दोराला न बांधतां वरच्या घागरीच्या गळ्याला निराळ्या दोरीनें बांधली, तर वरच्या गांठीवर दोन्ही घागरींचा भार पडतो. काठावर उभें राहून पाहणाराला फरक कांहींच दिसत नाहीं. घागरी त्याच, पाणी तेंच, दोरही तितकाच जाड. कॅन्सस सिटींत हेंच झालें. पुढें अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेनें केलेल्या चौकशींत असें आढळलें कीं, शहराच्या नियमांप्रमाणें जेवढा भार पेलला पाहिजे होता त्याच्या ६० टक्केच भार मूळ योजनेंतील सांधाही पेलूं शकला असता. आणि नव्या योजनेंत तर त्या सांध्यावरचा भार दुप्पट झाला होता.

हा बदल कोणी चोरून केला नव्हता. कारखान्याचे नकाशे सल्लागार इंजिनियरांच्या कचेरींत गेले आणि तपासणीचा शिक्का घेऊन परत आले. नंतर कारखान्याच्या बाजूनें सांगण्यांत आलें कीं, बदलाची संमति टेलिफोनवरून घेतली होती. इंजिनियरांच्या बाजूनें सांगण्यांत आलें कीं, असा टेलिफोन आलाच नाहीं. सांध्याचें गणित कारखाना करील असें इंजिनियरांनीं धरलें. तें इंजिनियरांनीं केलेलेंच असेल असें कारखान्यानें धरलें. वास्तविक भार दुप्पट होतो एवढें तर मॅट्रिकच्या वर्गांतील मुलानेंही फळ्यावर मांडून दाखविलें असतें. परंतु तें मांडावयाचें कोणी, हें कोणाच्याच वहींत लिहिलेलें नव्हतें. मिसूरी राज्यानें अखेरीस जबाबदारी इंजिनियरांवर ठेवली आणि दोघांच्या सनदा काढून घेतल्या.

आपल्याकडील ‘मयमत’, ‘मानसार’ यांसारख्या वास्तुशास्त्रावरील संस्कृत ग्रंथांतून बांधकामावरील माणसांचे चार वर्ग सांगितले आहेत: स्थपति, सूत्रग्राही, वर्धकि आणि तक्षक. स्थपति हा मुख्य. तक्षक तासणारा आणि वर्धकि जोडणारा, त्यांचें काम कोणाच्याही ध्यानांत येतें. सूत्रग्राही म्हणजे मापाची दोरी धरणारा. तो स्वतः वीट रचीत नाहीं कीं लांकूड तासीत नाहीं. तरीही त्याचें स्थान स्थपतीच्या लगोलग खालीं आहे, आणि तो स्थपतीचा पुत्र किंवा शिष्य असावा असें म्हटलें आहे. ज्याच्या हातीं माप द्यावयाचें तो विश्वासाचा असावा, आणि तो एकच असावा, असा व्यवहारी विचार त्यामागें दिसतो.

पुढें कामें वाढलीं तशी ही दोरी अनेक हातांत गेली. आज एखाद्या मध्यम आकाराच्या इस्पितळाच्या बांधकामावर आर्किटेक्ट निराळा, खांब-तुळयांचा हिशेब करणारा इंजिनियर निराळा. पाण्याच्या नळांचा, विजेचा, हवा खेळविण्याच्या नळकांड्यांचा, आग विझविण्याच्या यंत्रणेचा, लिफ्टचा असे एकेक तज्ज्ञ निराळे. त्यांच्या खालीं कंत्राटदार, पोट-कंत्राटदार, आणि त्यांच्याही खालीं प्रत्यक्ष हातोडी मारणारे. प्रत्येकाचा नकाशा आपल्यापुरता बिनचूक असूं शकतो. चूक असते ती दोन नकाशांच्या मधल्या जागेंत, जेथें कोणाचीच सही नसते.

या दुखण्याचें मर्मग्राही निदान चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन प्राध्यापकांनीं १९७५ सालीं केलें. ते त्या वेळीं पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत होते. अमेरिकेंतील आर्किटेक्टांच्या संस्थेच्या नियतकालिकांत त्यांनीं एक लेख लिहिला, आणि इमारतीची रचना करण्यासाठीं नकाशांऐवजीं संगणक वापरावा असें त्यांत सुचविलें. त्यांचा मुद्दा समजण्यास सोपा आहे. इमारतीला लांबी, रुंदी व उंची आहे. कागदाला लांबी व रुंदी एवढेंच. म्हणून एकच गोष्ट कागदावर दोनतीन ठिकाणीं काढावी लागते, एकदां वरून पाहिल्याप्रमाणें, एकदां समोरून, एकदां मधून कापल्याप्रमाणें. आतां एक खिडकी हातभर बाजूला सरकविली, तर या साऱ्या नकाशांत ती सरकवावी लागते, शिवाय सुतारास दिलेल्या यादींतही. एका ठिकाणीं विसर पडला कीं कागद आपसांत भांडूं लागतात, आणि गवंड्याच्या हातीं जो कागद पडेल तो खरा ठरतो. ईस्टमन यांचें म्हणणें असें कीं, इमारतीचें वर्णन एकाच ठिकाणीं एकदांच ठेवावें, आणि नकाशे हवे तेव्हां हवे तसे त्यांतून काढून घ्यावे.

ही कल्पना कचेऱ्यांतील टेबलांवर यावयास बराच काळ गेला. हंगेरीच्या बुडापेस्ट शहरीं १९८२ सालीं निघालेल्या एका कंपनीची ‘आर्किकॅड’ आणि २००० सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेली ‘रेव्हिट’ या संगणकीय आज्ञावलींनीं तिचा प्रसार केला. तिला इंग्रजींत बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतात, आणि आद्याक्षरें जोडून केलेला ‘बिम’ हा शब्द आतां सर्वत्र रूढ झाला आहे. मराठींत तिला इमारतीची माहिती-प्रतिकृति म्हणावयास हरकत नसावी.

प्रतिकृति म्हटलें कीं पडद्यावर गरगर फिरणारी रंगीत इमारत डोळ्यांपुढें येते. विकणारेही तेंच दाखवितात. पाहणारे भुलतात तेही त्यालाच. परंतु खरें सामर्थ्य चित्रांत नसून माहितींत आहे. साध्या नकाशांत भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्या रेघा भिंतीच्या आहेत कीं नाल्याच्या, हें वाचणारानें ओळखावयाचें. माहिती-प्रतिकृतींत भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. ती कशाची, किती जाड, आगीला किती वेळ दाद देणार नाहीं, तिच्यांत कोणतें दार बसलें आहे, हें तिच्या नोंदींत असतें. भिंत सरकली कीं दार तिच्याबरोबर सरकतें, आणि दारांची यादी आपोआप बदलते. तिला कामाचें वेळापत्रक जोडलें तर कोणत्या महिन्यांत कोणता मजला उभा असेल हें दिसतें. दर जोडले तर खर्च दिसतो. नागपूरच्या मेट्रोचें काम ज्या महामंडळानें केलें, त्यानें नकाशा, काळ व खर्च यांची अशी सांगड घालण्याची पद्धति प्रथमपासूनच अंगीकारली होती. त्या मेट्रोचा पहिला टप्पा २०१९ च्या मार्चमध्यें सुरू झाला.

या पद्धतींत खरी मौज असते ती मेळ घालण्याच्या बैठकींत. प्रत्येक तज्ज्ञ आपली प्रतिकृति स्वतंत्रपणें तयार करतो, आणि ठरलेल्या दिवशीं त्या साऱ्या एकमेकींवर रचून पाहतात. त्यासाठीं सर्वांनीं एकच आरंभबिंदु व उंची मोजण्याची एकच खूण धरलेली असावी लागते. एकानें समुद्रसपाटीपासून आणि दुसऱ्यानें तळमजल्याच्या फरशीपासून मोजलें, तर एकाचे नळ दुसऱ्याच्या गच्चीवर आकाशांत तरंगतांना दिसतात. मग संगणक टकरी शोधून देतो: हा नळ या तुळईंतून गेला, हें नळकांडें या दिव्याच्या जागीं आलें, या झडपेशीं हात घालावयास जागाच उरली नाहीं. पहिल्या यादींत टकरींची संख्या हजारोंच्या घरांत जाऊं शकते, आणि अनुभव नसलेला मनुष्य ती पाहून घाबरतो. त्यांतल्या पुष्कळशा नांवापुरत्या असतात. खिळा लांकडांत शिरला हीही संगणकाच्या दृष्टीनें टक्करच! शिवाय एकच नळ वीतभर खालीं आला म्हणजे त्याच्या वाटेवरच्या शंभर टकरी एकदम नाहींशा होतात. यादी करणें हें यंत्राचें काम. तींतलें धान्य आणि कोंडा निवडणें हें माणसाचें.

आणि मग प्रश्न येतो, वाट कोणी सोडावयाची? येथें एक प्रकारची वडिलकी चालते. तुळई व खांब सहसा हलत नाहींत. सांडपाण्याचा नळ उतारावरच वाहणार, त्याला चढ चढतां येत नाहीं, म्हणून त्याचा मान पहिला. त्याच्या खालोखाल हवेचीं मोठीं नळकांडीं. तीं वळविलीं कीं जागा खातात. दाबानें वाहणारें पाणी वळणें घेऊं शकतें. विजेची तार बिचारी सर्वांत धाकटी. तिला बहुधा सर्वांना वाट देऊन जावें लागतें. हें भांडण पडद्यावर मिटलें नाहीं तर तें प्रत्यक्ष कामावर मिटतें, आणि तेथें तें छिन्नी-हातोडीनें मिटतें. नव्याकोऱ्या तुळईला प्लंबरनें पाडलेलें भोक सिमेंटनें लिंपून टाकलेलें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

श्रोतेहो, येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती फारशी कोणी बोलत नाहीं. कॅन्सस सिटीच्या त्या दोन सळया टकरींच्या कोणत्याही यादींत आल्या नसत्या. त्या एकमेकींना कोठेंच आडव्या येत नव्हत्या. उलट एका सळईच्या दोन सळया पडद्यावर फार सुबक दिसल्या असत्या. जी चूक जागेची आहे ती यंत्राला दिसते. जी चूक जबाबदारीची आहे ती दिसत नाहीं. म्हणून माहिती-प्रतिकृति आली आणि प्रश्न सुटला, असें समजणारांची लवकरच निराशा होते, आणि गाडी पुन्हां माणसांच्या कामवांटणीवर येऊन थांबते.

या कामवांटणीसाठीं २०१८ च्या अखेरीस आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्यें आधीपासून चालत असलेल्या नियमांच्या पायावर तें उभारलेलें आहे. त्याची भाषा रुक्ष आहे, पण आशय घरगुती शहाणपणाचा आहे. काम देणारानें प्रथम लेखी सांगावें कीं, कोणती माहिती, कोणत्या वेळीं, कशासाठीं हवी. काम घेणारांतील मुख्यानें लेखी सांगावें कीं, ती कोण, कोणत्या रीतीनें देईल. कोणता भाग कोणाच्या अंगावर, याचा तक्ता असावा. आणि सारे कागद एका सामाईक कोठींत असावे. या कोठीचे चार कप्पे आहेत. पहिल्यांत चालू कच्चें काम. तें त्या चमूपुरतें. दुसऱ्यांत इतरांना पाहण्यासाठीं दिलेलें. तिसऱ्यांत मान्य होऊन कामासाठीं प्रसिद्ध झालेलें. चौथें दप्तर, जुनें झालेलें फेंकावयाचें नाहीं, तेथें ठेवावयाचें. एका कप्प्यांतून दुसऱ्यांत जातांना तपासणी होते, आणि प्रत्येक कागदावर त्याची आवृत्ति व तो कशासाठीं वापरावा याची खूण असते.

ही खूण क्षुल्लक वाटेल, पण सर्वांत मोलाची तीच. शाळेंत कच्ची वही आणि पक्की वही निराळी असते ती उगीच नव्हे. कच्च्या वहींत खाडाखोड चालते. पक्क्या वहींतलें वाक्य म्हणजे मुलानें आपलें म्हणून दिलेलें वाक्य. बांधकामावरच्या कितीतरी चुका, कच्च्या वहींतलें पान कोणीतरी पक्कें समजून उचलल्यामुळें होतात. ‘पाहण्यासाठीं’ म्हणून पाठविलेला नकाशा मुकादमाच्या हातीं पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्यावरून खड्डा खणलेला असतो. कॅन्सस सिटीच्या नकाशावरही शिक्का होता. त्या शिक्क्याचा नेमका अर्थ काय, यावरच पुढें वाद झाला.

या मानकांत हुद्द्यांपेक्षां कर्तव्यांवर भर आहे. व्यवहारांत मात्र हुद्देच आधी निर्माण झाले. प्रतिकृति काढणारा तो मॉडेलर, मेळ घालणारा कोऑर्डिनेटर, आणि सर्वांवर देखरेख करणारा मॅनेजर, अशी उतरंड मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतही आतां परिचयाची झाली आहे, आणि अनेक मराठी तरुण-तरुणी येथें बसून परदेशांतील इमारतींचीं अशीं कामें करीत असतात. त्यांत मेळ घालणाराची अवस्था पुष्कळदां केविलवाणी होते. तो बहुधा वयानें लहान, संगणकावर हात बसलेला, पण कॉंक्रीट ओतलें जातांना उन्हांत उभा न राहिलेला. त्यानें बैठकींत पन्नाशीच्या इंजिनियरास सांगावयाचें कीं, साहेब, आपली तुळई हलवावी लागेल. वर्गाच्या मॉनिटरसारखी त्याची गत. फळ्यावर नांवें लिहिण्याचा अधिकार आहे, पण गप्प बसविण्याचा नाहीं. त्याच्या यादींतील टकरी आठवड्यामागून आठवडे तशाच राहतात, आणि काम रखडलें कीं बोल मात्र त्याच्या पदरीं. दोष त्याचा नसतो. माहिती सांभाळणें आणि निर्णय घेणें हीं दोन कामें निराळीं आहेत. पहिलें त्याला सोंपविलें असतें, दुसरें कोणाचें तें ठरलेलें नसतें. निर्णय घेणारा ज्येष्ठ इंजिनियर किंवा आर्किटेक्ट त्या बैठकींत स्वतः बसला, तरच त्या तरुणाच्या यादीला अर्थ येतो.

हें न ठरविल्याचें फळ किती भयंकर असूं शकतें, हें लंडन शहरानें २०१७ सालीं पाहिलें. नॉर्थ केन्सिंग्टन भागांतील ग्रेनफेल टॉवर ही २४ मजल्यांची, १९७४ सालीं पुरी झालेली, सामान्य लोकांच्या वस्तीची इमारत. तिची मोठी दुरुस्ती २०१६ सालीं संपली. तींत बाहेरून नवें आवरण चढविलें होतें. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्यें पॉलिएथिलिन हें सहज पेटणारें प्लास्टिक, असें तें आवरण. १४ जून २०१७ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर चौथ्या मजल्यावरील एका घरांत शीतकपाटापाशीं आग लागली, ती खिडकीबाहेर पडली, आणि आवरणावरून चढत अर्ध्या तासाच्या आंतबाहेर शेंड्यास पोहोंचली. ७२ जीव गेले. न्यायमूर्ति सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्यें निघाला. अप्रामाणिकपणा, नियमांतील ढिलाई, सरकारी दुर्लक्ष असे अनेक दोष त्यानें दाखविले. पण त्यांतील एक निष्कर्ष कॅन्सस सिटीची आठवण करून देणारा आहे. आवरणाच्या निवडीशीं संबंध असलेल्या प्रत्येकाची समजूत अशी होती कीं, तें सुरक्षित आहे कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी आहे.

या आगीनंतर ब्रिटिश सरकारनें ज्युडिथ हॅकिट या अनुभवी इंजिनियर बाईंना इमारतींच्या नियमांची छाननी करण्यास सांगितलें. मे २०१८ च्या त्यांच्या अहवालांत एक कल्पना आहे, आणि तिचें त्यांनीं योजिलेलें नांव मराठींत आणावयाचें तर ‘सुवर्णसूत्र’ असेंच आणावें लागेल. इमारतीची रचना, तिच्यांत वापरलेले पदार्थ, झालेले बदल आणि ते कोणी मान्य केले, ही सारी माहिती अंकीय रूपांत, अखंड धाग्याप्रमाणें, रचनेपासून वापरापर्यंत चालत राहावी, असा तिचा अर्थ. मापाची दोरी धरणारा आपल्या ग्रंथांतील सूत्रग्राही आणि ही बाई यांची भेट झाली असती, तर दुभाष्याची फारशी गरज पडली नसती!

ही कल्पना २०२२ च्या इमारत-सुरक्षा कायद्यानें इंग्लंडांत सक्तीची झाली. १८ मीटर किंवा ७ मजले, अथवा त्याहून उंच अशा राहत्या इमारतींना ती लागू आहे. अशा इमारतीच्या कामावर मुख्य रचनाकार आणि मुख्य कंत्राटदार यांचीं नांवें ठरलेलीं असावीं लागतात. राहती झाल्यावर तिच्या सुरक्षिततेस उत्तरदायी अशी व्यक्ति किंवा संस्था नांवानिशीं नोंदवावी लागते, आणि सुवर्णसूत्र तिच्या ताब्यांत द्यावें लागतें. नियामकाची संमति मिळाल्याखेरीज बांधकामास हात लावतां येत नाहीं, आणि पुरी झाल्यावर पुन्हां संमति मिळाल्याखेरीज तींत कोणी राहावयास जाऊं शकत नाहीं. मध्येंच योजना बदलली, तर महत्त्वाच्या बदलाला आधी मंजुरी, मग काम. एका सळईच्या दोन सळया करावयाच्या झाल्या, तर टेलिफोन आला कीं नाहीं हा वाद तेथें आतां उरूं नये. बांधणारांची तक्रार अशी कीं, या मंजुऱ्यांना फार विलंब लागतो. आणि ती तक्रार निराधार नाहीं. तपासणाऱ्यांची संख्या व योग्यता न वाढवितां तपासणी वाढविली, म्हणजे रांग लागणारच.

आपल्याकडे एवढा कडक कायदा नाहीं. पण या विचाराचें बीज नाहीं असेंही नाहीं. रेरा या नांवानें परिचित असलेल्या २०१६ च्या कायद्यांतील १४ व्या कलमाप्रमाणें मंजूर नकाशाबाहेर बांधकाम करतां येत नाहीं. सबंध इमारतीच्या नकाशांत फेरफार करावयाचा तर घरें घेतलेल्यांपैकीं दोनतृतीयांश लोकांची लेखी संमति लागते. आणि १७ व्या कलमाप्रमाणें इमारतीचे आवश्यक कागद व नकाशे रहिवाशांच्या संस्थेच्या स्वाधीन करणें हें बांधणाऱ्याचें कर्तव्य आहे. हें कलम घर घेणारांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें. ताबा घेण्याच्या दिवशीं माणसें फरशीचा रंग पाहतात, नळ सोडून पाहतात, देवघराची दिशा पाहतात. नकाशांची गुंडाळी मागणारा विरळा.

आणि गुंडाळी मिळाली तरी ती कशाची आहे हें पाहिलें पाहिजे. नगरपालिकेनें मंजूर केलेला नकाशा निराळा, आणि प्रत्यक्ष जसें बांधलें तसा नकाशा निराळा. पहिल्यावरून खोल्यांचीं मापें कळतात. भिंतींतून जाणारा नळ कोठें वळला, कोणती तार कोणत्या स्लॅबांतून गेली, हें दुसऱ्यावरूनच कळतें. पंधरा वर्षांनीं तिसऱ्या मजल्याच्या छताला ओल येते. मग प्लंबर कान लावून भिंत ठोकून पाहतो, आणि अदमासानें तीन ठिकाणीं फोडतो. ज्याच्या स्वयंपाकघराची फरशी निघते त्याला दुसऱ्या नकाशाची किंमत तेव्हां कळते.

आतां तो नकाशा कागदावर न येतां एखाद्या तबकडींत किंवा संगणकाच्या फाइलींत येऊं लागला आहे, आणि त्यांतून एक नवीनच अडचण उत्पन्न होते. इमारत साठ-सत्तर वर्षें उभी राहावी अशी अपेक्षा असते; फाइल उघडणारी आज्ञावलि दहा वर्षांत जुनी होते. किती तरी सोसायट्यांच्या कपाटांत अशी तबकडी जपून ठेवलेली सांपडेल, आणि ती चालविणारें यंत्र सबंध इमारतींत कोणाकडे नसेल. यासाठींच आयएफसी नांवाची एक सामाईक नोंद-पद्धति तयार झाली आहे. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीं, आणि २०१३ पासून ती संपूर्ण आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे. बांधणाऱ्याकडून माहिती-प्रतिकृति घ्यावयाची झाल्यास त्याच्या आज्ञावलीच्या फाइलीबरोबर या रूपांतलीही एक प्रत मागावी. आणि नळ, तारा व तुळया दाखविणारे मुख्य नकाशे कागदावरही उतरवून घ्यावे. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यांत, खालच्या बाजूस, एक लहानशी चौकट असते. तो कितवा नकाशा, कोणत्या तारखेचा, शेवटचा बदल कोणता, काढला कोणी, तपासला कोणी, हें तींत लिहिलेलें असतें. गुंडाळी मिळाल्याची पावती देण्यापूर्वीं, सोसायटीच्या चिटणिसांनीं ती चौकट चष्मा लावून वाचावी, आणि तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी असेल तर गुंडाळी परत करावी.